दाढीखालचा व्रण

"मिशी चालेल, दाढी नाही. संघाचा नियम!" संघाच्या म्हाताऱ्या न्हाव्याने, ऑर्विलने, वस्तरा उघडला. आजच खालच्या श्रेणीतल्या संघातून बढती मिळून आलेल्या वेंडेलने मान वर केली. दाढी उतरली आणि कधीकाळी बेसबॉलने फोडलेल्या जबड्यावरचा व्रण उघडा पडला. "हा झाकायला वाढवली होतीस होय, पोरा?" वेंडेलने गालावरचा फेस पुसला. जबडा फुटल्यापासून अंगावर येणाऱ्या चेंडूसमोरून तो नकळत मागे सरके. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. दुपारच्या सामन्यात तो बॅट घेऊन उभा राहिला. मागे चेंडू झेलायला उकिडवा बसलेला प्रतिस्पर्धी कॅचर त्याचा जबडा निरखू लागला. "काय राव, चेंडू लागला होता वाटतं?" "जिन्यावरून पडलो." "आपण सगळे जिन्यावरूनच पडतो!" कॅचर खदखदून हसला. कॅचर ज्या बाजूला सरकेल, चेंडू फेकणारा तिकडेच फेकतो, हे वेंडेलला ठाऊक होतं. त्याने बॅट घट्ट आवळली. मागच्या मातीत कॅचरचे बूट वेंडेलच्याच अंगाच्या दिशेने सरकल्याचं ऐकू आलं.