भोक पाडलेली गुंज

दीडशे वर्षं जुन्या दगडी अतिथिगृहात बियांचे दागिने करायची कार्यशाळा चालू होती, तेवढ्यात चार वर्षांच्या मुलीने एक लालभडक गुंज गिळली. आईने तिच्या तोंडात बोट घातलं, पण उशीर झाला होता. अतिथिगृहाचे मालक धावत आले. "घाबरू नका ताई, अख्खी गुंज पचत नाही, तशीच बाहेर पडते," ते हसत म्हणाले. आईचा जीव जरा भांड्यात पडला. शिकवणाऱ्या बाईंच्या हातातला दोरा मात्र थांबला. मुलांसाठी त्यांनी साध्या बिया वेगळ्या ठेवल्या होत्या; ही गुंज त्यांच्या स्वतःच्या ताटलीतली होती, सकाळीच सुईने भोक पाडलेली. अशा गुंजेतलं विष पोटात उतरतं. गप्प राहा, असं मालकांनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. "अख्खी नव्हती," बाई म्हणाल्या. "मी भोक पाडलं होतं. ताटली उघडी ठेवली, चूक माझीच. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा." आईने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बाईंनी मान खाली घातली. मग पोरीला उचलून तिने गाडीकडे धाव घेतली. डॉक्टरांनी लगेच पोट धुतलं. तीन दिवस सलाइन चाललं. चौथ्या दिवशी पोरगी बिस्किटासाठी हट्ट करू लागली, तेव्हा आईने अतिथिगृहात फोन लावला. "त्या बाईंना त्याच दिवशी घरी बसवलं," मालक म्हणाले, "तुम्ही निश्चिंत राहा." आईचा बाईंवरचा राग अजून ओसरला नव्हता. "त्यांचा नंबर द्या," ती म्हणाली. "पोरगी वाचली, हे त्यांना माझ्याकडूनच कळायला हवं."