जिना कोणी जाळला

ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठचं एक जुनं घर आणि त्यात राहिलेली माणसं हा दीक्षाच्या पीएचडीचा विषय होता. महायुद्धातल्या हिवाळ्यात तिथला माळ्याचा जिना उबेसाठी जाळला गेला, असं तिने लिहिलं होतं. त्या घरात लहानपणी राहिलेल्या, सिएटलच्या नव्वदीतल्या रूथबाईंनी ते ऐकून मान हलवली. "उबेसाठी नाही. आम्ही ज्यू, माळ्यावर लपलो होतो. झडत्या वाढल्यावर मोलकरणीने जिनाच तोडून जाळला. वर जायला वाटच नाही म्हणून सैनिक परतले." "मग जेवण?" दीक्षाने विचारलं. "दोरीला टोपली बांधून. युद्ध संपल्यावर मलाही दोरीनेच खिडकीतून सोडलं. झेलायला तीच रस्त्यावर उभी होती." "आणि घराचा मालक?" "तो युद्धभर दुसरीकडे होता. परत आल्यावर जिना जाळला म्हणून त्याने तिला कामावरून काढलं." दीक्षाने प्रबंधातलं मालकाच्या नावाचं प्रकरण उघडून शीर्षक पुसलं. "तिचं नाव?" "कॉर्नेलिया. थांब, स्पेलिंग सांगते. चुकायला नको."