नऊ सेकंद

"बरं, आणि..." फोनवरचे आजोबा एवढंच म्हणाले आणि फोन कट झाला.

मॅनेजरने रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा थांबवलं. "ऐकलंत ना काकू? माणूस बोलतोय आणि तुम्ही फोन ठेवून मोकळ्या."

घरी वापरायची ऑक्सिजनची मशीन विकणाऱ्या कंपनीचं हे कॉल सेंटर, आणि काकू इथे अकरा वर्षं फोन घेत होत्या. आजोबांनी फोन केला होता नवी नळी मागवायला. काकूंनी नळीची नोंद केली, धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवला. मशीनवर सकाळपासून लाल दिवा लागतोय, हे आजोबांना त्यानंतर सांगायचं होतं. संध्याकाळी त्यांच्या बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. ती अजून तिथेच होती. मुलाने तक्रार केली होती आणि काकूंच्या नोकरीवर गदा आली होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीत लेखक बसला होता. एरवी बोलायला लागला की आवरत नसे, आज मूग गिळून गप्प होता. फोनवर काय बोलायचं ते इथल्या लोकांना तोच लिहून देई. पुस्तकं त्याची दोन, त्यातलं एक तर घरच्यांनीही वाचलेलं नाही; पण लिहावं कसं हे दुसऱ्यांना शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दर वर्गात एकच सल्ला ठासून सांगायचा: वाक्य काढून बघा, काही बिघडलं नाही तर ते नकोच होतं. तोच सल्ला त्याने इथेही चालवला. फोनच्या शेवटी सगळे विचारायचे, "अजून काही सांगायचंय का?" ते वाक्य त्याने दोन महिन्यांपूर्वी उडवून टाकलं. शंभरातले नव्वद जण नाही म्हणतात, मग विचारायचं कशाला? फोनमागे नऊ सेकंद वाचले. मॅनेजर खूश. लेखकाला सगळ्यांसमोर फुलांचा गुच्छ मिळाला, आणि तो त्याने घरी नेऊन बायकोला ऐटीत दाखवलाही.

काकू मात्र जुन्या सवयीने विचारत राहिल्या. जादा बोलल्याबद्दल मॅनेजरने त्यांचे कामाचे गुण कापले. दोनदा कापले गेल्यावर त्यांनी विचारणं सोडलं.

"ते वाक्य मी काढलं होतं," लेखक शेवटी म्हणाला.

"अहो सर, तुमचा काय संबंध?" मॅनेजर म्हणाला. "कागदावर असो नसो, फोन घेणाऱ्याने काही तारतम्य ठेवायला नको?"

"तारतम्याचेच गुण कापलेत तुम्ही," काकू शांतपणे म्हणाल्या.

मॅनेजरने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वरून निरोप आला होता: आजोबांनी स्वतःच्या तोंडाने तक्रार नाही म्हणून सांगितलं, तर काकू राहतील, नाहीतर महिनाअखेर शेवटची. "सर, माफी तुम्हीच मागा. शब्द म्हणजे तुमच्या हातचा मळ."

लेखक काकूंच्या जागेवर जाऊन बसला. त्याने कागद घेतला नाही.

"मी त्यांना खरं काय ते सांगणार आहे," तो काकूंना हळूच म्हणाला. "चूक माझी आहे म्हणून."

"सांगा की. आधी माझी नोकरी वाचवा, मग सांगा."

आजोबांनी पहिल्याच घंटेला फोन उचलला. "बोला डॉक्टर."

लेखकाने आपण कोण ते सांगितलं. "त्या दिवशी आमच्या बाईंनी फोन ठेवला, त्याबद्दल..."

"छे छे, त्यांच्यावर कसला राग? चांगलं बोलल्या हो त्या. मुलगा जरा तापट आहे आमचा. माझी काही तक्रार नाही, लिहून घ्या हवं तर."

शेजारच्या हेडफोनवर ऐकणाऱ्या मॅनेजरने अंगठा वर केला. काकूंनी इतका वेळ घट्ट धरलेली खुर्चीची पाठ सोडली.

"आजोबा, चूक खरं म्हणजे..."

"चूक माझीच," आजोबा म्हणाले. "लाल दिव्याचं आधी सांगायला हवं होतं. मी आपलं नळीचं पाल्हाळ लावत बसलो. मला जन्मात कधी मुद्द्याचं आधी बोलता आलं नाही. तुम्ही लोक तरी किती ऐकणार? आणि परत फोन करून तुम्हाला त्रास द्यायचं काही मनाला येईना. काल हिचीही माफी मागितली. तिला ऐकू जातंय की नाही, कोण जाणे."

लेखकाला लाज वाटली. इतकी की त्याचे कान तापले. एवढी वाक्यं लिहिली होती त्याने, त्यातलं एकही आता पुढे येईना.

"माझं ऐका आजोबा, मीच..."

"चला, तुमचा फार वेळ घेतला," म्हणत आजोबांनी फोन ठेवला.

"दोन मिनिटं चार सेकंद," मॅनेजर म्हणाला. "मानलं सर तुम्हाला, एक शब्द जास्तीचा नाही. हा कॉल नव्या मुलांना ऐकवायचाच." आणि तो वर कळवायला निघून गेला.

काकूंनी लेखकाच्या कानावरचा हेडफोन हलकेच काढून घेतला.

"तुमचं सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "परत लावून देऊ?"

लेखक पडद्यावरच्या त्या नंबराकडे बघत राहिला.

"नको," तो म्हणाला. "त्यांना आणखी त्रास कशाला."