लेकीचा फोन

अर्पिता पूर्णेतल्या घरी बसून लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करायची. तेच काम लिस्बनला राहून करावं, म्हणून तिनं डिजिटल नोमॅड व्हिसा मागितला होता. तो नाकारला गेला. काही दिवस ती धड जेवली नाही, मग एका दुपारी पुन्हा अर्ज भरायला बसली.

त्या दुपारपासून तिच्या आईला फोन यायला लागले. चतुराबाई ओसरीत शेंगा निवडता निवडता हळू आवाजात बोलायची. "जेवलीस का? थंडी लय हाय का तिकडं?"

"कोनाशी बोलायलीस गं?" अर्पितानं एकदा विचारलं.

"लेकीशी," आई म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

अर्पिताला वाटलं, नकार आईच्या मनाला लागलाय, म्हणून लेक तिकडं गेल्यासारखं ती खोटंखोटं बोलतीय. तिला भरून आलं. पुन्हा फोन वाजला तेव्हा तो तिनंच उचलला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडे ट्रामची घंटा वाजली. मग तिचाच आवाज आला, रडून रडून बसलेला.

"आई, मला घरी यायचंय. त्यासाठी परत अर्ज केला, परत नाकारला. म्हनतात, तुमच्या घरी अर्पिता हायेच."

अर्पिता आईच्या पुढ्यात येऊन बसली. "आई, मी इथं हाय. माझ्याकडं बघ."

आईनं बघितलं. बराच वेळ, काहीतरी ओळखीचं शोधल्यासारखं. मग तिनं फोन काढून घेतला, त्यावर पदर दाबून धरला आणि दारात आलेल्या परक्या बाईशी बोलावं तशा नरमाईनं विचारलं,

"बाई, तुमी कवा जानार?"