कुलंटचं पातेलं

“वहिनी, हे गोड लागतं बरं का. लेकरापासून लांब ठेवा. पोटात गेलं तर दोन-चार तास काही कळत न्हाई, मग किडन्याच बसतात,” कुलंटचा डबा देताना शिरूरचा स्पेअर पार्टवाला म्हणाला होता. तेव्हा स्नेहल हसली होती. गाडीतलं पाणी कोण कशाला पिईल?

आज तिचा सगळा जीव बॉनेटपाशी अडकला होता. दौंडहून येताना गाडीचा काटा दोनदा लालवर गेला, म्हणून गोकुळनं सुट्टीचा दिवस धरून अंगणातच थर्मोस्टॅट आणि टेंपरेचरचा सेन्सर बदलायला घेतला होता. मोबाइलवर व्हिडिओ चालू, हातात पाना.

“अहो, इंजिन गार झालंय ना नक्की? वाफ आली तर तोंड भाजेल.”

“सकाळपासून उभीच हाय की गाडी. तू आधी प्रांजलला आवर.”

तिनं चार वर्षांच्या लेकीला ओट्यावर बसवलं, भातुकली मांडून दिली. “इथून हलायचं नाही. गाडीजवळ तर मुळीच यायचं नाही.”

इंजिन गार ठेवणारं ते हिरवं कुलंट मागच्याच महिन्यात भरलेलं, टाकवेना. “एखादं स्वच्छ भांडं दे. काम झालं की गाळून परत ओतू,” गोकुळ म्हणाला. स्वच्छ म्हणून तिनं सरबताचं पातेलं दिलं. ते कुलंटनं भरल्यावर कुणाचा पाय लागू नये म्हणून उचलून ओट्यावर ठेवलं, वर ताटली झाकली आणि गोकुळला बॅटरीचा उजेड धरायला पळाली.

मध्येच आबा, तिचे सासरे हौसराव, गोठ्यातून घामाघूम आले. ओट्यावर घटकाभर टेकले, नातीशी काही बोलले. मग दुधाच्या किटल्या मोटरसायकलला अडकवून न्हावऱ्याच्या डेअरीला निघाले.

“इंजनेर, एखादा नट उरला तर ठिव रं. म्हशीच्या गळ्यात बांधू,” जाता जाता त्यांनी टोमणा मारला.

स्नेहलनं वळूनही पाहिलं नाही. पाना निसटून गोकुळच्या बोटांना लागेल, एवढंच तिच्या डोळ्यांपुढं होतं.

नवा सेन्सर बसला. गोकुळनं हात पुसले. “आण ते कुलंट.”

ताटली बाजूला पडली होती. पातेलं निम्मं झालं होतं. शेजारी आबांचा पितळी तांब्या, आणि त्याच्या काठावर हिरवा थेंब.

स्नेहलनं प्रांजलला ओढून घेतलं. तोंड उघडायला लावलं, जीभ पाहिली, ओठ हुंगले. “काय प्यायलीस? खरं सांग. मी मारणार नाही.”

“मी न्हाई पिले. पावण्यांना दिलं.”

“कोण पाहुणे?”

“आबा. ते पावणे झाले होते. मी सरबत दिलं.”

आबा तांब्याला ओठ लावत नाहीत. मान मागं टाकून वरून धार सोडतात आणि एका दमात घटाघटा घशाखाली घालतात.

“आबा म्हणाले, लई गोड केलंय तुझ्या आईनं.”

तिनं फोन लावला. रिंग घरातच वाजली, आबांच्या उशाखाली.

गोकुळनं पातेल्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. पाईप सुटलेले, बॉनेट वासलेलं. शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन तो न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला. स्नेहलनं डेअरीत फोन लावला. डेअरीवाला म्हणाला, “आत्ताच गेले की. कुठं ते न्हाई बोलले. चांगले हसत होते.”

तिथून रस्ते चार. स्नेहलनं एका हातानं प्रांजलला छातीशी दाबलं, दुसऱ्या हातानं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोलायला सुरुवात केली.

“मी हौसरावांची सून बोलतेय. हे ऐकणाऱ्या कुणालाही आमचे आबा दिसले, पांढरा सदरा, गाडीला मागं दोन किटल्या, तर पाया पडते, तिथंच थांबवा आणि थेट शिरूरला दवाखान्यात न्या. त्यांच्या पोटात विष गेलंय. त्यांना माहीत नाही. ते हसतील. मला काय धाड भरलीय, म्हणतील. त्यांचं ऐकू नका.”