मध्यस्थ

“हे दयाळू प्रभू, या घरात काही हातांना मिठाचा अंदाज नाही. त्या हातांना तो दे,” सासूने डोळे घट्ट मिटून मागितलं.

“आणि हे प्रभू,” समोरून सुनेचा आवाज आला, मधात बुडवून काढलेला, “काही जिभांना आयतं मिळूनही चव सापडत नाही. त्यांना बरं कर.”

“आमेन,” मध्ये बसलेला मुलगा दोघींनाही म्हणाला. तो कारखान्यात फिटर होता. फिरत्या दोन चाकांच्या मध्ये बोट घालायचं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरातली संध्याकाळची प्रार्थना ही अशी. दिवसभर दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलायच्या नाहीत. सगळं मनात साठवायच्या आणि दिवेलागणीला प्रभूच्या पायाशी ओतायच्या. ओतताना शिंतोडे समोरचीच्या अंगावर उडतील, एवढी काळजी मात्र घ्यायच्या.

सुरुवात सासूची. चर्चच्या भगिनी मंडळात ती एकदा उठून उभी राहिली आणि कळवळून म्हणाली, “बहिणींनो, माझ्या सुनेच्या आळसासाठी प्रार्थना करा.” बहिणींनी केली. मोठ्याने, मनापासून, पदर डोळ्यांना लावून. सून मागच्याच बाकावर बसली होती. तेव्हापासून अबोला. ‘माझं चुकलं’ एवढंच सासूला म्हणायचं होतं. पण ते प्रभूपाशी कबूल करायचीही चोरी झाली होती. सून ऐकत असायची ना!

मग मुलाला दूरच्या शहरात काम लागलं. खोकी बांधली, दोऱ्या आवळल्या. शेवटच्या संध्याकाळी ते दोन शब्द सासूच्या अगदी ओठांवर आले.

“प्रभू,” ती म्हणाली, “उद्या काही माणसं निघालीत…”

समोरचा श्वास थबकला.

“…त्यांना गाडीत खिडकीजवळची जागा मिळू दे.”

“आमेन,” मुलगा म्हणाला. सुनेने आवळलेलीच दोरी पुन्हा आवळली.

सकाळी ती उंबऱ्याशी घुटमळली. “येते मी,” दाराच्या कडीला म्हणाली.

“जपून जावं माणसाने,” सासूने हातातल्या केरसुणीला सांगितलं.

संध्याकाळी पोचल्याचा मुलाचा फोन येऊन गेला. सासूने दिवा लावला, चटईवर बसली, डोळे मिटले.

“हे दयाळू प्रभू…”

पुढे काही सुचेना. भाजीत मीठ बेताचं पडलं होतं. भांडी जागच्या जागी होती, घर लख्ख होतं. एक तक्रार म्हणून हाताशी नाही! अख्खी मंडळी जिच्या प्रार्थनेचा दाखला द्यायची, ती बाई तोंड मिटून बसली. आज पहिल्यांदा प्रभू एकटाच ऐकायला आला होता, आणि त्याला सांगण्यासारखं तिच्यापाशी काहीच नव्हतं. तिने हळूच एक डोळा किलकिला केला. समोरची चटई रिकामी.

तिला आधी हसू फुटलं. मग हसता हसताच तिने समोरच्या चटईची सुरकुती सारखी केली.

“प्रभू, तू जरा थांब,” ती म्हणाली. “तुझ्याकडे मागाहून येते.”

आणि तिने फोन लावला. घंटा पुरती वाजायच्या आत सुनेने उचलला.

“मी बोलतेय,” सासू म्हणाली.

“बोला ना, आई. मी कधीची डोळे मिटून बसलेय.”

“उघड ते,” सासू म्हणाली. “आज त्याला मध्ये घालायचं नाही.”