चार धंद्यांतले जावई

गोंदियाच्या वकिलाने तिरोड्याकडच्या झनकलाल पाटलांना कंपन्यांचे शेअर घ्यायचा सल्ला दिला. "पण सगळे एकाच धंद्यातले घेऊ नका. एक बसला, तरी बाकीच्यांचा डिव्हिडंड घरी येत राहतो." पाटलांचा कागदावर विश्वास बसला नाही, युक्तीवर मात्र बसला. त्यांनी आपल्या चार पोरी चार धंद्यांत दिल्या: भातगिरणी, विडी, लाख आणि सागवान.

एकतीस सालच्या मंदीत चारही धंदे एकदम बसले. दिवाळीला चारही जावई बायकापोरांसकट आले, ते होळी आली तरी हलेनात.

"चला जी, तुमचा डिव्हिडंड जेवाले बसून राहिला," पाटलीणबाई रोज हाक मारायच्या. खायचं धान संपलं. आता कोठीत पेरणीपुरतं बियाणं तेवढं उरलं होतं, आणि जावयाला 'कधी जाता' असं विचारायची रीत नव्हती.

शेवटी पाटलांनी आडून विचारलं, "काऊन जी टेकचंदजी, तुमच्या बाबूजीनं अशा वखतासाठी काही सोय करून नाही ठेवली?"

"ठेवली ना, मामाजी," गिरणीवाला थोरला जावई भातावर वरण ओढून घेत म्हणाला. "बाबूजी म्हणत, गिरणी बसली तं पोटाले पाहिजे. म्हणून तं माह्यासाठी धानवाला सासरा पाहिला."

बाकीच्या तिघांच्या तोंडात घास होता. त्यांनी नुसत्या माना डोलावल्या.